पाटीवरच्या तीन रेघा

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं हसलात, की आजी प्रोग्रॅम लिहायची हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. पण एक प्रोग्रॅम असा आहे, की त्याची आठवण आली तर अजूनही मी उठून एकदा स्वयंपाकघरात जाऊन, दुसऱ्याचं काही बंद करून टाकलं नाही ना, ते बघून येते. तो लिहून ठेवते. तुमचं शिक्षण याच विषयातलं आहे, तेव्हा त्यातला यंत्राचा भाग तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. बागेचा भाग मला नीट सांगावा लागेल.

वरूडच्या बाजूला संत्र्याच्या झाडाला बहार आणायचा तर आधी त्याला उपाशी ठेवतात. याला ताण देणं म्हणतात. थंडीच्या सुरुवातीला पाणी बंद करायचं. झाड हळूहळू मलूल होतं, पानं फिकी पडतात, थोडी गळतात. मग योग्य दिवशी पाणी सोडायचं, म्हणजे ताण तोडायचा. झाड दचकून जागं झाल्यासारखं फुलतं. हा आंबिया बहार. लवकर पाणी सोडलं तर फुलांऐवजी नुसती पालवी येते आणि वर्ष हातचं जातं. उशीर केला तर झाडच जातं. हलक्या, मुरमाड जमिनीतलं झाड लवकर थकतं, काळ्या भारी जमिनीतलं बरेच दिवस तग धरतं. त्यामुळे शेजारच्या बांधाकडे बघून दिवस ठरवता येत नाही.

तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्कांची बाग मुरमाड जमिनीत होती. यजमान गेल्यावर ती बाग त्या एकट्या सांभाळत होत्या. झाडं त्यांच्या सासऱ्यांनी लावलेली. आदल्या वर्षी त्यांनी आपल्या नजरेनं दिवस ठरवला आणि चार-सहा दिवस घाई झाली. फूल आलंच नाही. मी सांगते आहे त्या वर्षी विहिरींचं पाणी इतकं खाली गेलं होतं, की अक्कांच्या विहिरीत ताण तोडण्यापुरतं एकदाच भरपूर पाणी निघालं असतं. ते वाया गेलं असतं तर दुसरं नव्हतं.

विदर्भातल्या शेतकऱ्यांची ती वर्षं कशी होती हे तुम्हाला कुठेतरी वाचायला मिळेल. मी एवढंच सांगते, की वर्तमानपत्र आलं की तुमचे आजोबा पहिलं पान आधी स्वतः वाचत आणि मग मला आतली पानं देत. खेड्यातून फोन आला की घरातले सगळे बोलायचे थांबत. अक्का शेतातल्या घरात एकट्या राहत, म्हणून रोज सकाळी त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय आम्हाला चहा गोड लागत नसे.

मी तेव्हा अमरावतीच्या कॉलेजातून संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, त्यामुळे संगणकाची जाडजूड पुस्तकं मला परकी वाटली नाहीत. सी भाषा मी कॉलेजात असतानाच शिकले होते. त्या भाषेत एक शिस्त आहे, ती मला फार आवडे. जागा मागितली तर काम झाल्यावर परत करायची. फाइल उघडली तर मिटायची. मी घरातही तशीच होते, हे तुमच्या आईला विचारा. नळ, गॅस, दिवा, कपाट. माझ्या हातून काही उघडं राहत नसे, आणि दुसऱ्यांनी उघडं ठेवलेलंही मी बंद करत फिरे.

अकोल्यात एक मुलगी होती. मुलगी म्हणते, पण फळबागांच्या शास्त्रात तिचं उच्च शिक्षण झालं होतं आणि ताणावरच तिचा अभ्यास होता. तिच्या वडिलांचं अकोल्यात मोटार वायंडिंगचं दुकान होतं. जळालेले पंप तिथे येत. घरी उर्दू, बाहेर वऱ्हाडी, लिहिताना इंग्रजी, अशा तिन्ही भाषांत ती न अडखळता फिरे. एका व्याख्यानानंतर ती माझ्याकडे आली. रोजची थंडी, ऊन, जमिनीची जात यांवरून झाडाचा थकवा आकड्यात मोजायची तिची रीत होती. रोजचा थकवा मिळवत जायचा. प्रत्येक बागेची एक मर्यादा. बेरीज मर्यादेला पोचली की पाणी सोडा.

ही रीत तिनं पायथन भाषेत लिहिली होती. ती भाषा तेव्हा आमच्याकडे नवी होती. लिहायला सोपी, आणि सूत्र बदललं तर लगेच बदलता येई. तिचं सूत्र आठवड्याला बदले. माझ्याकडे सीमध्ये लिहिलेला दुसरा प्रोग्रॅम होता. आमच्या गच्चीवर एक पांढरी डबी होती, तिच्यातल्या तापमापकाची वायर खाली संगणकात येई. माझा प्रोग्रॅम दर तासाला ते तापमान नोंदवायचा. वरूडचं किमान आणि कमाल फोनवर कळे. दिवसभर ऊन कसं चढलं-उतरलं ते आमच्या डबीवरून धरायचं. म्हणून माझा प्रोग्रॅम कधी बंद होऊन चालत नसे.

आता दोन्ही एकत्र कसे आणायचे? तिचं सगळं सूत्र सीमध्ये उतरवणं म्हणजे दर आठवड्याला मी नव्यानं बसणं. तेव्हा आम्ही ठरवलं, की माझ्या प्रोग्रॅमच्या पोटातच पायथनचं पूर्ण यंत्र बसवायचं. माझा प्रोग्रॅम घर, तिची भाषा त्या घरात राहायला आलेली पाहुणी. सकाळी मी आकडे टाकले की घर पाहुणीला हाक मारी, पाहुणी हिशेब करी, उत्तर घराच्या हातात देई आणि घर ते छापी.

“मॅडम, पाहुणी आपल्या रीतीनं राहते बरं,” ती मला म्हणाली होती. “तिच्या घरात वस्तू मोजायची पद्धत वेगळी हाये.”

“घर माझं आहे. माझ्या पद्धतीनं राहील,” मी म्हणाले. आम्ही दोघी हसलो होतो.

तिला कागदावर सगळे आकडे छापायचे होते. मी नको म्हटलं. बागवाले आकड्यांत गोंधळतील; एका बागेला एक शब्द. ‘थांबा’ किंवा ‘पाणी सोडा’. स्वच्छ कागद. तीन बागा आम्ही घेतल्या होत्या, पहिली अक्कांची. उरलेल्या दोन काळ्या जमिनीतल्या, अक्कांच्या शेजारच्या. त्यांचा ताण आधी सुरू झाला होता आणि उशिरा तुटायचा होता.

डिसेंबरभर आम्ही तपासणी केली. भारनियमनाचे दिवस होते. आमच्या भागात रोज कित्येक तास वीज नसे, संगणक बंद पडे, वीज आली की मी तो पुन्हा चालू करी. रोजची बेरीज फाइलमध्ये लिहिलेली असे, त्यामुळे ती बुडत नसे. पण मधल्या तासांचं तापमान बुडे, आणि त्यानं माझा जीव खाल्ला. शेवटी तुमच्या आजोबांनी मोठ्या बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर आणून बसवला. जिन्याखाली त्याचा पिवळा दिवा लागला तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. आता काही चुकणार नाही, असं मी मोठ्यानं म्हणाल्याचं मला आठवतं.

सकाळी साडेसातला अक्कांचा फोन यायचा. आधी किमान-कमाल सांगायच्या, मग विचारायच्या.

“काय म्हनते तुमचं यंत्र, मास्तरीनबाई?”

“थांबा म्हणतं, अक्का.”

“थांबतो मंग. यंदा मी माह्या मनानं काही करत नाई. मागच्या साली मनानं केलं अन् बसलो हात चोळत.”

पुढे त्या हळूहळू जास्त बोलू लागल्या. गळणारी पानं. खोडाजवळची भेगाळलेली जमीन. मी ऐकून घेई आणि सांगे, की ताणात असं होतंच. मग एका सकाळी त्या म्हणाल्या, “अवं, आज पान वळलेलंच हाये.”

“म्हणजे?”

“दुपारी पान वळते, थे तं वळतेच. पन रातच्यानं सावरते. सकाळी उठून पाह्यलं का सरळ असते. आज सकाळीच वळलेलं होतं. माहे सासरे म्हनत, सकाळचं पान वळलेलं दिसलं तं झाड थकलं समजाचं.”

मी कागद पाहिला. थांबा.

“यंत्र थांबा म्हणतंय, अक्का.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “तू शिकलेली हायेस.”

त्या ‘बरं’नं मला दिवसभर काही सुचू दिलं नाही. मी कागद पुन्हा छापला. तोच शब्द. मी प्रोग्रॅम ओळीनं वाचला. जिथे काही घेतलं होतं तिथे मी ते सोडलं होतं, एकही ओळ विसरले नव्हते. तुमचे आजोबा म्हणाले, मनाला फार लावून घेऊ नकोस. पण तेही जेवताना दोनदा फोनकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी अक्का म्हणाल्या, “आजही वळलेलं हाये. बांधाकडच्या ओळीले पान राह्यलंच नाई म्हना.” कागद म्हणाला, थांबा. तिसऱ्या दिवशी त्या पानांविषयी बोलल्याच नाहीत. किमान सांगितलं, कमाल सांगितलं, यंत्राचं विचारलं, “बरं” म्हणाल्या आणि फोन ठेवला. एरवी बोलणारं माणूस त्या दिवसांत गप्प झालं की आम्हाला भीती वाटे. मी शेजारच्या बागेत फोन करून, अक्कांकडे सहज चक्कर मारा म्हणून सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी कागदावर पुन्हा ‘थांबा’ आलं. मी अक्कांना तेच सांगितलं, डिसेंबरपासूनचे सगळे कागद, फ्लॉपी आणि छापलेला प्रोग्रॅम पिशवीत भरला आणि अकोल्याची एसटी धरली. का गेले ते नीट सांगता येणार नाही. मला चूक सापडली नव्हती. सापडत नव्हती, म्हणूनच बसवेना. मूर्तिजापूरपर्यंत मी खिडकीतून फक्त झाडांची पानं बघत होते. कडुनिंब, बाभूळ, काहीही. सरळ आहे की वळलेलं.

ती दुकानातच भेटली. मागच्या खोलीत टेबलावर तिचा संगणक होता. पुढे तिचे वडील तांब्याची तार गुंडाळत बसले होते. “बैठो मॅडम, पहले पानी पियो,” ते म्हणाले. मी पाणी प्यायले नाही. सकाळचं वळलेलं पान म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला.

“किती दिवस झाले?”

“आज चौथा.”

“मर्यादा किती दाखवते?”

“मर्यादा छापतच नाही आपण. एकच शब्द.”

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. फ्लॉपी टाकली, अक्कांचे जानेवारीचे रोजचे आकडे घेतले आणि प्रोग्रॅम चालवला. एक दिवस चालवून बंद केला, पुन्हा सुरू करून दुसरा दिवस. सगळं ठीक. सूत्रही ठीक. मी म्हटलं, “असा बंद करू नकोस. इन्व्हर्टर आल्यापासून माझा बंद होतच नाही. सलग चालव.”

“सलग?” ती म्हणाली. “डिसेंबरात कधी सलग चालला होता?”

मी आठवू लागले. डिसेंबरात रोज वीज जायची.

तिनं एक ओळ घातली, मर्यादा छापायची, आणि दिवसामागून दिवस न थांबता आकडे देत गेली. पहिल्या दिवशी अक्कांची मर्यादा बरोबर. दुसऱ्या दिवशी बरोबर. तिसऱ्या दिवशी बरोबर. चौथ्या दिवशी मर्यादा एकदम वर गेली. पाचव्या दिवशी आणखी थोडी वर. बागेची बेरीज वाढे, तशी मर्यादा पुढे सरके. ती बाग कधीच मर्यादेला पोचली नसती.

“कुठून येऊन राह्यला हा आकडा?” ती पुटपुटली. मी सवयीनं आकड्यांची रांग डोळ्यांखालून घातली. तीस वर्षं मी तेवढंच केलं होतं. दशांशापुढचे आकडेसुद्धा ओळखीचे होते. शेजारच्या बागेची आदल्या दिवशीची बेरीज. तंतोतंत.

अक्कांच्या मर्यादेच्या जागी दुसऱ्याच्या बागेची बेरीज येऊन बसली होती.

ती माझ्या छापील पानांवर वाकली. एका ओळीवर बोट ठेवलं.

“मॅडम, हे तुम्ही सोडता काहून?”

“घेतलं, म्हणून सोडते.”

“पन तुमी घेतलंच नाई. नुसतं पाह्यलं.”

तुम्हाला हे कळलंच असेल. पण मला ते तेव्हा कसं कळलं, ते लिहिते. आमच्या कॉलेजात एक मोठी खोली होती. समजा तिच्या दारावर पाटी आहे. आत बसणारा प्रत्येकजण पाटीवर एक रेघ ओढतो, जाताना एक पुसतो. पाटी कोरी दिसली की शिपाई दिवा मालवतो आणि खोली दुसऱ्या वर्गाला देतो. पायथन आपल्या वस्तू अशाच सांभाळतं. अक्कांची मर्यादा तिच्या सूत्रात तीन ठिकाणी धरलेली होती, म्हणून पाटीवर तीन रेघा. माझा प्रोग्रॅम रोज सकाळी ती मर्यादा बघायला जाई. पाहुणी काही वस्तू मोजून हातात देते, त्या परत कराव्याच लागतात. काही नुसत्या खिडकीतून दाखवते. ही खिडकीतून दाखवलेली होती. मी खिडकीतून डोकावून निघताना, शिस्तीनं, एक रेघ पुसून जात होते. दुसऱ्याची रेघ. तीन सकाळी, तीन रेघा. पाटी कोरी. आतले लोक आतच, आणि खोली दुसऱ्याला दिलेली. त्या रिकाम्या ठरलेल्या जागेवर लगेच पुढच्या बागेची बेरीज लिहिली गेली.

डिसेंबरात रोज वीज जायची आणि रोज पाटी नव्यानं लिहिली जायची. ज्या भारनियमनाला मी शिव्या देत होते, त्यानंच माझी चूक महिनाभर झाकून ठेवली होती. इन्व्हर्टर आला आणि ती उघडी पडली. बाकी दोन बागांचे आकडेही फिरले होते, पण त्यांची वेळ लांब होती, त्यामुळे त्यांना दिलेलं ‘थांबा’ योगायोगानं खरं होतं. पाहुणीची पद्धत वेगळी आहे, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं. पुस्तकातही लिहिलेलं होतं. ते पान मी वाचलं होतं आणि मनात म्हटलं होतं, जास्तीची स्वच्छता कुणाला बाधत नाही.

तिनं ती ओळ खोडली आणि पुन्हा पहिल्यापासून चालवलं. उत्तर आलं: पाणी सोडा. आजचं नव्हे, पाच दिवसांपूर्वीचं.

मी दुकानातल्या फोनवरून अक्कांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. घड्याळात बारा वाजून गेले होते. त्या आठवड्यात त्यांच्याकडे शेतीची लाइन, म्हणजे पंपाची वीज, दुपारी एकला येई आणि चारला जाई. चार वाजले की उद्यापर्यंत काही नाही. शेजारच्या बागेत लावला, तिथे कुणी उचलला नाही. घरात नसतील, बागेत असतील, मी स्वतःला सांगत होते. बागेतच असतील. तिसऱ्यांदा लावताना माझं बोट तबकडीत अडकलं.

तिच्या वडिलांनी माझ्या हातातून फोन घेतला. “वरूड में अपना आदमी है,” ते म्हणाले. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मेकॅनिक तिथे पंप दुरुस्त करायचा. अक्कांची बाग कुठल्या रस्त्याला, ते मी सांगत गेले आणि ते फोनवर ओरडत गेले. “अरे, अभी जा! चाय बाद में पी! वहाँ जो अम्मा हैं, उनको बोल, पानी छोड़ो. कौन बोला? उस्ताद बोले बोल! और अम्मा से इस नंबर पे फोन करवा!”

मग आम्ही वाट बघत बसलो. ती प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालवत होती, तिलाही दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. वडील तार गुंडाळत होते, पण वेढे मोजायचं मधेच विसरले आणि पुन्हा सोडून पहिल्यापासून सुरू केले. मी टेबलावरचे कागद तारखेप्रमाणे लावले. लावून झाल्यावर मोडले आणि पुन्हा लावले.

एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

“हा कोन पोट्टा पाठवला?” अक्कांचा आवाज. मी खुर्चीवर बसले. “फटफटीवर आला अन् म्हनते, अकोल्याच्या उस्तादानं सांगतलं, पानी सोडा. कोन उस्ताद? माहा काय संबंध उस्तादाशी?”

“अक्का, कुठे होता तुम्ही? मी किती वेळ फोन...”

“बागेत होतो. कुठं जाईन? लाइन आली हाये. तू सांग. सकाळी तं थांबा म्हने. आता काय म्हनते यंत्र?”

“सोडा म्हणतं.”

“यंत्र म्हनते का तू म्हनतेस?”

“मी म्हणते. पाणी सोडा, अक्का. आत्ता.”

“सोडतो,” आणि फोन खाली आपटल्याचा आवाज. तिच्या वडिलांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला परत ठेवला. या वेळी मी प्यायले.

वरूडला जायला मला दहा दिवस लागले. कारणं शोधली, एकदा पाहुणे, एकदा गुडघा. खरं कारण तुम्ही ओळखलं असेल. तुमचे आजोबा बरोबर येतो म्हणाले, मी नको म्हटलं.

अक्का फाटकाशीच उभ्या होत्या. बाग दुरून हिरवी दिसत होती. जवळ गेल्यावर काड्यांच्या टोकांना बारीक पांढऱ्या कळ्या दिसल्या, आणि मला रडू यायला लागलं. अक्का थांबल्या नाहीत. त्या मला सरळ बांधापर्यंत घेऊन गेल्या. तिथे मुरूम अगदी वर होता. बांधाकडची पूर्ण ओळ वाळलेली होती. अक्कांनी एक फांदी वाकवली. ती वाकली नाही, मोडली.

मी सांगितलं. एसटीत बसून मी सांगायचं वाक्य दहादा जुळवलं होतं, ते काही आठवलं नाही. पाटी, रेघा, खिडकी, सगळं वेडंवाकडं सांगितलं. सगळ्यात शेवटी म्हणाले, “यंत्र चुकलं नाही, अक्का. मी चुकले.”

त्या मोडलेली फांदी हातात फिरवत होत्या.

“म्हंजे माह्या बागेची जागा तू खाली समजून दुसऱ्याले देऊन टाकली.”

“हो.”

“अन् कारन का, तर तुले साफसफाईची आवड.”

“हो.”

“तुह्या माहेरच्यांनी लग्नात सांगतलं होतं आमाले. पोरगी इंग्रजी शिकली हाये, अन् लई नेटकी हाये. आई म्हने, नेटकीच पाह्यजे होती.” त्यांनी फांदी बांधापलीकडे टाकली. “हे झाडं माह्या सासऱ्यानं डोक्यावर पानी आनून जगवले होते.”

अक्का त्या ओळीकडे बघत उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे उभी राहिले. पुढे जाऊन शेजारी उभं राहायचा मला धीर झाला नाही.

घराकडे परतताना त्यांनी विचारलं, “तुह्या त्या कागदावर जागा किती असते?”

“भरपूर. एकच शब्द असतो.”

“मंग एक खाना पानाचा काढ. सकाळचं पान. मी सांगीन, सरळ का वळलेलं. अन् पान एक म्हनते अन् यंत्र दुसरं म्हनते, असं ज्या दिवशी होईन, त्या दिवशी तो शब्द छापू नको. मले फोन कर. आपन दोघी भांडू, मंग ठरवू.”

मी अमरावतीला परत आले आणि तो खाना काढला. ‘सकाळचं पान’. अकोल्याच्या मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मर्यादा आणि बेरीजही छापू, आणि मी या वेळी हो म्हटलं. कागद भरगच्च झाला. माझ्या नजरेला तो कधीच सुंदर वाटला नाही. दुसऱ्या वर्षी पानाचं आणि यंत्राचं दोन सकाळी जमलं नाही. त्या दोन्ही दिवशी मी अक्कांशी फोनवर अर्धा-अर्धा तास भांडले, एकदा त्या बरोबर निघाल्या आणि एकदा यंत्र.

ताण उशिरा तुटला, त्या वर्षीच्या फुलाची फळं दिवाळीनंतर उतरली. अक्कांनी घरी एक पेटी पाठवली. तुमच्या आईला ती आठवत असेल, ती तेव्हा सुट्टीत घरी होती. पेटी रिकामी झाल्यावर मी सवयीनं ती आवरून अडगळीत ठेवायला उचलली, तर तळाच्या गवतात एक वाळलेली काडी निघाली. आपोआप आली असेल किंवा अक्कांनी ठेवली असेल. मी विचारलं नाही. काडी टाकलीही नाही. तुम्ही इकडे याल तेव्हा माझ्या टेबलाच्या वरच्या खणात बघा. त्या खणातलं बाकी सगळं नीट लावलेलं असेल, ती तेवढी मधेच आडवी पडलेली असेल. ती उचलू नका.